तिसऱ्या पसंतीचा एक गुण

वर्षातल्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूंना जे पुरस्कार देतात, त्यांच्या निवड मंडळावर मी अकरा वर्षं आहे. पूर्वी हे मी कोणी न विचारताही सांगत असे. हल्ली कोणी विचारलं तरी विषय बदलतो.

पद्धत अगदी साधी आहे. जगभरातले आम्ही वीस जण, कोणी पत्रकार, कोणी समालोचक. दरवर्षी प्रत्येकाच्या संगणकावर एक मतपत्रिका येते. प्रत्येक गटासाठी तीन नावं लिहायची, पसंतीच्या क्रमाने. पहिल्या नावाला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. बरोबरी झाली, तर ज्याच्याकडे पहिल्या पसंतीची मतं जास्त त्याला पुरस्कार. कोणी कोणाला मत दिलं हे कधीच बाहेर येत नाही. आणि मतपत्रिकेच्या तळाशी एक रिकामा चौकोन असतो. यादीतल्या कोणाशी जवळचे संबंध असतील तर त्यात खूण करायची. खूण केली की त्या गटात आपल्याऐवजी राखीव सदस्य मत देतो.

माझा राखीव सदस्य म्हणजे कचेरीत माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा माणूस. त्याला सगळे आकडे म्हणतात. स्वतःच्या लग्नाची तारीख त्याला बायकोला विचारावी लागते, पण कुठल्या सामन्यात कोण कितव्या षटकात बाद झालं ते झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

या वर्षी महिलांच्या यादीत भिंगरीचं नाव होतं.

भिंगरी ही माझ्या मित्राची मुलगी. मित्र म्हणजे आमच्या मोठ्या मैदानाचा माळी, खेळपट्टी तयार करणारा. आम्ही त्याला रोलर म्हणतो, कारण तरुणपणी मैदानावरचा रोलर फिरवायला चार माणसं लागत आणि हा एकटाच ओढायचा. मी बातमीदार म्हणून मैदानावर जायला लागलो त्या आठवड्यात आमची ओळख झाली, ती आजवर तशीच आहे. त्याचं घर मैदानाच्या भिंतीला लागूनच आहे, दोन खोल्या आणि मागे अवजारांची शेड. वापरून संपलेल्या खेळपट्टीच्या कडेला तो मुलीला चुन्याने डब्याच्या झाकणाएवढा गोल काढून द्यायचा आणि म्हणायचा, "यावर चेंडू टाकून दाखव, मग जेवायला ये." ती तेव्हा आठ वर्षांची. डावखुरी. चेंडू तिच्या हातात मावत नसे, पण सुटला की असा गरकन वळायचा की तिचं भिंगरी हे नाव मीच ठेवलं. फलंदाज म्हणून समोर उभा राहणाराही बऱ्याचदा मीच असायचो. नऊ वर्षांच्या मुलीने माझ्या पायांमधून चेंडू काढून यष्ट्या पाडल्या, तेव्हा रोलर हसून हसून गवतावर बसला होता. वर्तमानपत्रात तिच्याविषयी पहिल्या तीन ओळी मी लिहिल्या. ती मला काका म्हणते. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा काका म्हणणारी तेवढी एकच.

आता ती तेहतीस वर्षांची आहे. गेल्या वर्षात तिने एकदिवसीय सामन्यांत एकेचाळीस बळी घेतले, तेही खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यावर. शेवटच्या षटकांत, फलंदाज हाणामारी करत असताना, कर्णधार चेंडू तिच्याच हातात द्यायची. मी हे सगळं पाहिलं होतं. कोणाला कळो न कळो, मला कळत होतं की ती यादीतली पहिली आहे.

आणि तरीही मी तिचं नाव लिहिलं नाही. पहिलं नाही, दुसरं नाही आणि तिसरंही नाही.

का, ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी मंडळावरच्या एका परदेशी गृहस्थाने आपल्याच देशाच्या तिघांना मतं दिल्याचं त्यानेच कुठेतरी फुशारकीने सांगितलं. मी त्याच्यावर असा काही लेख लिहिला की विचारू नका. मत म्हणजे घरातल्या घरात वाटायचा खाऊ नव्हे, वगैरे. लेख गाजला. लोक मला निःपक्षपाती म्हणू लागले, आणि मलाही ते आवडलं. अंगरखा एकदा अंगाला बसला की माणूस तो काढायला तयार होत नाही. या वर्षी नामांकनं जाहीर झाली त्या दिवशी वार्ताहरांच्या कक्षात कोणीतरी मागून ओरडलं, "काय साहेब, पुतणीला किती देणार? पाच की पंधरा?" सगळे हसले. मीही हसलो.

चौकोनात खूण करता आली असती. केली नाही, कारण केली असती तर आकडेने मत दिलं असतं आणि मी त्या गटापुरता बाजूला बसलो असतो. मला बाजूला बसायचं नव्हतं. शिवाय, आता लपवून काय करू, मनात थोडा रागही होता. गेल्या विश्वचषकानंतर तिने पहिली मुलाखत एका वाहिनीला दिली, मला दुसऱ्या दिवशी. क्रिकेट मंडळाने ठरवलेलं वेळापत्रक होतं ते, तिच्या हातात काही नव्हतं. मला माहीत होतं. तरी मनात ठेवलं होतं, एवढ्या मोठ्या माणसाने.

मग मी लिहिलं: पहिली, एक परदेशी सलामीची फलंदाज. दुसरी, एक वेगवान गोलंदाज. तिसरी कोण ते सुचेना, म्हणून जिचा खेळ वर्षभरात फक्त दोनदा पाहिला होता अशा एका यष्टिरक्षिकेचं नाव टाकलं. पाठवण्याचं बटण दाबताना मला स्वतःचा अभिमान वाटला. हे सगळ्यात लाजिरवाणं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो आहे.

समारंभ संध्याकाळी होता. कचेरीतल्या दूरदर्शन संचासमोर आम्ही सगळे जमलो. भिंगरी पहिल्या रांगेत बसली होती, केस नीट बांधलेले, हात मांडीवर. निवेदकाने लिफाफा उघडला आणि सांगितलं की असं आजवर झालेलं नाही: दोघींचे एकसष्ट एकसष्ट गुण झाले आहेत, आणि पहिल्या पसंतीची मतं जास्त असल्यामुळे पुरस्कार सलामीच्या फलंदाजाला. कॅमेरा भिंगरीवर गेला. ती टाळ्या वाजवत होती. चांगल्या मोठ्याने वाजवत होती.

"अरेरे," आकडे म्हणाला. "कोणीतरी तिसऱ्या पसंतीत जरी घातली असती तरी झालं असतं. एका गुणाचा प्रश्न!"

मी पाणी प्यायला उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या सदस्यांना नेहमीचा तपशील आला. नावं नाहीत, फक्त हिशेब. विजेती: आठ पहिल्या पसंती. भिंगरी: सात. वीसपैकी सतरा मतपत्रिकांवर भिंगरीचं नाव. म्हणजे तीन मतपत्रिका तिच्या नावाशिवाय गेल्या होत्या. जगाच्या कुठल्या तरी टोकाला दोन माणसं होती ज्यांना ती खरोखरच आवडली नव्हती, किंवा ज्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. त्यांचा मला हेवा वाटला.

आकडे समोरून म्हणाला, "तुम्ही खूण केली असती तर मी डोळे मिटून पहिली दिली असती. पण तुम्ही दिलीच असणार म्हणा. पुतणी म्हणून नव्हे, तिची गोलंदाजीच तशी आहे."

"हं," मी म्हणालो. अख्खं आयुष्य शब्दांवर काढलेल्या माणसाचं हे उत्तर.

रोलरचा फोन तिसऱ्या दिवशी आला. त्याला फोनवर हळू बोलता येत नाही, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारावी तसा बोलतो. "काय रे पेपरवाल्या, तोंड लपवून बसलायस का? तुझे आभार मानायचे राहिले."

"माझे कसले आभार?"

"कसले म्हणजे? तुझे पाच नसते तर पोरगी छप्पन्नावर असती, बरोबरीचं नावही कोणी घेतलं नसतं. तू तुझं काम केलंस रे. बाकीच्यांनी डोळे गहाण टाकले त्याला तू काय करणार?" मग त्याचा आवाज खरंच खाली आला. "ऐक ना. रविवारी ये. ती निवृत्तीचं पत्र लिहून बसली आहे. म्हणते, खांदा दुखतोय हे कारण पुरे आहे. खांदा दुखतोय खरा, पण डॉक्टर म्हणाले अजून एक वर्ष सहज खेळेल. पुढच्या वर्षी विश्वचषक आहे, घरच्या मैदानावर. मी तयार केलेल्या खेळपट्टीवर. बाहेरच्यांचं ती मनावर घेत नाही, पण आपल्या माणसानेही... जाऊ दे, ते तिलाच विचार. तुझं ऐकेल ती. तू ये."

मी येतो म्हणालो.

त्या दिवशी बायकोला सांगितलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली, माझ्या तोंडाकडे पाहून ती सकाळपासून म्हणतच होती की काहीतरी शिजतंय. तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता सगळं ऐकलं. मी थांबल्यावर हातातली चादर तशीच धरून उभी राहिली.

"तिसरं पण नाही?"

"नाही."

"आणि तिसरी कोण ती, तिचा खेळ तुम्ही पाहिलाच नव्हता?"

"दोनदा पाहिला होता."

"वा!" ती म्हणाली. तिचा तो वा! मला पाठ आहे, त्यानंतर बोलण्यात अर्थ नसतो. पण ती बोलली. "रविवारी जा आणि त्या पोरीला सांगा. तिच्या बापाला नंतर सांगा, आधी तिला. मत तिचं होतं."

"पण ती खेळणं सोडेल."

"सोडेल की नाही ते ती बघेल. तुम्हाला भीती ती खेळणं सोडेल याची नाहीये. ती तुम्हाला सोडेल याची आहे."

मी चिडलो. नेहमी चिडतो. मोठ्याने काहीतरी बोललो आणि बाहेर जाऊन चपला शोधत बसलो. पण ती बरोबर बोलली होती, आणि रविवारी निघताना मी पक्कं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं, लेखाच्या पहिल्या ओळीसारखं घासूनपुसून: भिंगरी, मी तुला मत दिलं नाही, आणि त्याचं कारण तुझा खेळ नव्हता, माझा भित्रेपणा होता. बसमध्ये मी ते चार वेळा मनात म्हटलं. एकदा बहुधा मोठ्याने म्हटलं असावं, शेजारच्या बाई सरकून बसल्या.

रोलर दारातच उभा होता. हाताला ओली माती, गुडघ्यावर गवताचे डाग. "आला बघ," तो आत वळून ओरडला. भिंगरी आतल्या खोलीत टेबलाशी बसली होती. उजव्या हाताने लिहिण्याची सवय तिने मुद्दाम लावून घेतली आहे, डावा हात चेंडूसाठी राखून ठेवायचा म्हणून. डाव्या खांद्यावर शेकण्याची पिशवी. समोर एक कागद, अक्षर अगदी शाळकरी मुलीसारखं.

"बसा, काका," ती म्हणाली. उठली नाही, पण स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

रोलर चहा ठेवायला गेला. भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे तो ऐकत होता. मी बसलो. घसा खाकरला.

"तुझं पत्र," मी म्हणालो. वाक्य हे नव्हतं.

"झालंय लिहून. आज सही करायची आणि पाठवायचं." तिने कागद उलटा केला. "काका, मी पुरस्कार मिळाला नाही म्हणून रुसलेली नाही हां. बाबांना तसं वाटतं. त्या पोरीने अकराशे धावा केल्या, तिला मिळायलाच हवा होता. मला दुसरंच काहीतरी लागलं."

"काय लागलं?"

तिने पिशवी खांद्यावरून काढली, टेबलावर ठेवली, परत उचलली. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला सांगता येत नसेल तर नका सांगू. नियम आहे ते माहीत आहे मला."

"विचार."

"तुम्ही मला मत दिलंत?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. इथे माझं तयार वाक्य होतं, अगदी जिभेच्या टोकावर. मी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. तेहतीस वर्षांची बाई, पण विचारताना मान जरा खाली, चेंडू चुन्याच्या गोलात पडला का हे बापाला विचारताना असायची तशी. मला वाटलं, आता नाही म्हटलं तर ही त्याच क्षणी सही करेल. आणि मग वाटलं, ही माझ्याकडे यापुढे कधी अशी बघणार नाही. पहिला विचार मी स्वतःला नंतर बऱ्याचदा सांगितला आहे. पण खरा दुसराच होता.

"दिलं," मी म्हणालो.

"पहिलं?"

"पहिलं."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदका आला, एकच, मोठा. मला वाटलं, कळलं हिला. नाही कळलं. रोलर हातात गाळणी घेऊन दारात आला. त्याचा चेहरा एवढा उजळला होता की मी खाली फरशीकडे बघायला लागलो.

"म्हटलं नव्हतं मी?" तो म्हणाला. "तीन दिवस घरात हेच! मी म्हणतो, दिलं असणार. ही म्हणते, नसणार. माझ्याशी धड बोलेना. सांग आता त्याला, काय म्हणत होतीस ते."

"बाबा, नको ना."

"नको काय? सांग."

भिंगरीने डोळे पुसले. कागद उचलला, चौकोनी घडी घातली आणि टेबलाच्या खणात सारून खण बंद केला. "एवढ्यात नको पाठवायला," ती बापाला म्हणाली. "खांदा चालेल. डॉक्टर म्हणाले आहेत चालेल." मग माझ्याकडे वळली, आणि खांदा दुखत असतानाही स्टुलाजवळ येऊन खाली बसली.

"काका, मी तुमच्याबद्दल फार वाईट बोलले. बाबांना म्हटलं, काका मला मत देणार नाहीत. लोक काय म्हणतील म्हणून घाबरतील. ते म्हणाले, तू त्यांना ओळखत नाहीस. मी म्हटलं, मीच ओळखते." तिने माझा हात धरला. तिच्या डाव्या हाताच्या बोटावर चेंडूच्या शिवणीने पडलेला घट्टा आहे, तो माझ्या तळहाताला लागत होता. "मला तेच लागलं होतं, बाकी काही नाही. लहानपणापासून ज्याने बघितलं, त्यालाच मी मोजावीशी वाटले नाही, असं. मी चुकले, काका. मला माफ करा."

रोलर हसत होता. चहा उतू जात होता आणि त्याला त्याचं भान नव्हतं.

"असू दे," मी म्हणालो. "असू दे, बाळ. केलं माफ."